रॅमभरोसे! जुना पीसी, जडशीळ वेब आणि आपलं जाफराबाद

माहीत आहे का, जालना जिल्हा आणि पीसी एकाच सालचे आहेत? १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला अमेरिकेत आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. म्हणजे आपला जिल्हा पीसीपेक्षा तीन महिने अकरा दिवसांनी मोठा. पीसीने जालन्याला 'दादा' म्हणायला काहीच हरकत नाही!

त्या पहिल्या पीसीच्या बेसिक मॉडेलची रॅम किती होती, माहीत आहे का? १६ केबी. जीबी नाही, एमबीसुद्धा नाही. केबी!

आज केळणा-धामणाच्या संगमावरच्या जाफराबादेत एखाद्या जुन्या डब्यात ४ जीबी रॅम असते. त्या पहिल्या पीसीच्या तब्बल २ लाख ६२ हजार पट. तरी फॉर्म भरायला आलेली पोरं स्क्रीनकडे बघत बसतात आणि काउंटरमागून आवाज येतो, 'थांबा जरा, पेज फिरायलंय!' एवढी रॅम गेली कुठे? चला, शोधू या.

पान एक, फ्लॉप्या दोन

एचटीटीपी अर्काइव्ह नावाचा प्रकल्प जगभरच्या लाखो वेबसाइट्सची पानं नियमितपणे 'वजनकाट्यावर' घालतो. २०२४ च्या मोजणीत डेस्कटॉपवरच्या मधल्या, म्हणजे मीडियन, पानाचं वजन २.६ एमबीच्या आसपास निघालं. २०१० च्या अखेरीस तेच वजन अर्ध्या एमबीच्याही आत होतं. चौदा वर्षांत पाचपट!

जुन्या भाषेत सांगायचं तर आजचं एक साधं पान न्यायला १.४४ एमबीच्या दोन फ्लॉप्या लागतील. एक पान! पुस्तक नव्हे.

गेमवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. १९९३ मध्ये 'डूम' आला आणि पोरांनी अभ्यास गुंडाळून ठेवला. राक्षस, बंदुका, भुयारं, सगळं सुमारे २.४ एमबीच्या इन्स्टॉलरमध्ये. २०१६ मध्ये रोनन क्रेमिन या इंजिनिअरने दाखवून दिलं की सरासरी वेबपान आता डूमएवढं झालंय. पानात मात्र ना राक्षस, ना बंदुका. फक्त कुकीजची परवानगी मागणारी पट्टी!

अमेरिका कशाला, आपल्या मुंबईचंच बघा. टीआयएफआरमध्ये बनलेला 'टिफ्रॅक' हा कॉम्प्युटर १९६० मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिट्सचा. हिशेब केला तर बरोब्बर १० केबी. आजचं एक पान साठवायला अडीचशेहून जास्त टिफ्रॅक लागले असते. अख्खं कुलाबा भरलं असतं!

आणि छाती फुगवणारी गोष्ट ऐका. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या अपोलोच्या कॉम्प्युटरची लिहिता-पुसता येणारी मेमरीही २,०४८ शब्दांचीच होती, आणि शब्द १६ बिट्सचे. या एका बाबतीत टिफ्रॅक अपोलोपेक्षा दांडगा.

बाय द वे, 'जाफराबादी' म्हैस माहीत आहे ना? भारतातल्या सर्वांत वजनदार म्हशींपैकी एक. पण ती आपल्या जाफराबादची नाही, गुजरातेतल्या जाफराबादची! नाव सारखं, जिल्हा वेगळा. वेबवर मात्र या जातीचं वजन सगळीकडे भेटतं.

नेट फास्ट, पेज सुस्त! असं का?

'वायफाय तर फुल आहे, मग हे हँग का होतंय?' हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. उत्तर ऐकून ठेवा, कारण इथेच बरेच जण पैसे वाया घालवतात आणि नेटचा मोठा प्लॅन मारून मोकळे होतात.

पान घरी पोचणं वेगळं आणि पान उघडणं वेगळं. पोचवतं नेट, उघडतो प्रोसेसर. वजनात फोटो भारी असतात, पण प्रोसेसरचा घाम काढतं ते जावास्क्रिप्ट. फोटो एकदा दाखवला की काम संपलं. स्क्रिप्ट मात्र आधी वाचावी लागते, समजून घ्यावी लागते, मग चालवावी लागते, आणि पान उघडं असेपर्यंत ती चालूच राहते. जाहिरात बदल, माउस कुठे गेला ते बघ, व्हिडिओ आपोआप सुरू कर! तुमचा दहा-बारा वर्षांचा पीसी बिचारा बातमी दाखवण्याआधी हेच करत बसतो.

आणि हे जावास्क्रिप्ट बनवायला किती वेळ लागला, माहीत आहे का? दहा दिवस! मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइकने पहिली आवृत्ती दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत बसवलेला गणपती आणि विसर्जन अजून नाही.

रॅमचं गणित वेगळंच. २ सप्टेंबर २००८ ला गूगलने क्रोम आणला आणि एक भारी आयडिया केली: प्रत्येक टॅबचा संसार वेगळा. एक टॅब कोसळला तरी बाकीचे जिवंत. आयडिया झकास, पण वेगळा संसार म्हटलं की भांडीकुंडीही वेगळी आली. टॅब वाढले की रॅम संपली. म्हणून ४ जीबीच्या मशीनवर एकच नियम: काम झालं की टॅब बंद.

पास्कल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आठवते? कॉलेजात शिकवायचे ती. तिचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच इशारा दिला होता: हार्डवेअर जेवढ्या वेगाने पळायला लागतं, त्याहून वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जातं. याला जग आज 'विर्थचा नियम' म्हणतं. विर्थसाहेब १ जानेवारी २०२४ ला गेले. नियम जिवंत आहे.

तीस-चाळीस रुपयांचा सेल, अख्खं इंटरनेट बंद!

हा आमचा सर्वांत लाडका किस्सा. माहीत आहे का, मदरबोर्डवरचा एक गोल सेल संपला तर बँकेपासून यूट्यूबपर्यंत बहुतेक सगळ्या साइट्स बंद पडू शकतात?

तो सेल पीसी बंद असतानाही घड्याळ चालू ठेवतो. सेल मेला की पीसी सुरू होताना तारीख थेट दहा-पंधरा वर्षं मागे जाते. आता प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट असतं आणि त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. तुमचा पीसी म्हणतो, आज तर २००९ आहे, हे सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नाही! झालं, स्क्रीनवर लाल अक्षरांत धोका. लोक विंडोज पुन्हा मारतात, व्हायरस शोधतात, रिपेअरवाल्याला दोष देतात. हवा असतो फक्त एक सेल. नंबर सीआर २०३२. किराणा दुकानातही मिळतो.

सर्टिफिकेटचीच आणखी एक गंमत. ३० सप्टेंबर २०२१ ला एका जुन्या, नामांकित मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जगभरातले बरेच जुने पीसी, फोन आणि टीव्ही काही साइट्सना अचानक 'ओळख ना पाळख' म्हणू लागले. मशीन ठणठणीत होती. फक्त ओळखपत्रांची यादी शिळी झाली होती.

विंडोज एक्सपीवाल्यांची अडचण याहून खोल. एक्सपीवरच्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला टीएलएस १.० पर्यंतचीच सुरक्षा येते. २०२० मध्ये मोठ्या ब्राउझर्सनी टीएलएस १.० आणि १.१ ला निरोप दिला, साइट्सनीही दिला. म्हणून एक्सपीवर पान 'हळू' उघडत नाही, उघडतच नाही.

आणि पेंटियम ३? तिथे तर प्रोसेसरच कमी पडतो. पेंटियम ४ सोबत एसएसई२ नावाच्या सूचनांचा संच आला. २०१४ मध्ये क्रोमने आणि पुढे फायरफॉक्सनेही तो असल्याशिवाय चालायला नकार दिला. रॅम कितीही घाला, पेंटियम ३ ला नवा ब्राउझर नाही म्हणजे नाही. २०२१ मध्ये क्रोम आणखी एक पायरी चढला: आता एसएसई३ हवं!

यूट्यूब अडखळतंय? त्याचंही कारण बहुतेकदा नेट नसतं. यूट्यूब नवे व्हिडिओ व्हीपी९ आणि एव्ही१ या फॉरमॅटमध्ये पाठवतं. जुन्या ग्राफिक्स चिपला फक्त एच.२६४ उलगडता येतं, मग सगळा भार प्रोसेसरवर आणि पंख्याचा घरघर आवाज सुरू. 'एच२६४इफाय' नावाचं छोटं एक्स्टेन्शन यूट्यूबला सांगतं, बाबा, जुनाच फॉरमॅट दे. बऱ्याच मशीनवर तेवढ्याने पंखा शांत होतो.

२४ बाइट्सचं जाफराबाद

मराठी माणसाचा जुना पीसी हा तर वेगळाच सिनेमा. इथे जरा रेंगाळू या.

माहीत आहे का, सुरुवातीच्या पीसीवर देवनागरी दिसावी म्हणून आत चक्क एक वेगळं कार्ड ठोकावं लागे? त्याचं नाव जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं हे तंत्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलं. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार हे सगळं जुळवण्याची ताकद त्या काळच्या पीसीत नव्हती, म्हणून ती ताकद कार्डावर बसवली. सी-डॅक म्हणजे तेच, ज्यांनी विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा सुपरकॉम्प्युटर दिला. एका हाताने सुपरकॉम्प्युटर, दुसऱ्या हाताने 'क्ष' आणि 'ज्ञ'!

तेव्हाच्या इस्की या भारतीय मानकात एका अक्षरखुणेला एक बाइट लागायचा. 'जाफराबाद' या शब्दात अशा खुणा आठ, म्हणजे आठ बाइट्स. आज युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट्स लागतात. म्हणजे आपलं गाव २४ बाइट्सचं झालं!

'मग मराठीमुळेच वेब जड होतंय की काय?' अजिबात नाही! तुम्ही वाचताय तो हा अख्खा लेख साध्या टेक्स्टमध्ये एका फ्लॉपीत पंचवीसहून जास्त वेळा मावेल. मराठी मजकूर पिसासारखा हलका आहे. त्याच्याभोवती गुंडाळलेलं सामान जड आहे.

फॉन्टचा गोंधळ आठवतोय का? युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक वर्तमानपत्राच्या साइटचा फॉन्ट वेगळा. फॉन्ट टाकला नाही तर अग्रलेखाच्या जागी अगम्य चिन्हांची रांगोळी. डीटीपीवाल्याने श्रीलिपीत टाइप केलेलं पत्र दुसऱ्याच्या पीसीवर उघडलं की तीच रांगोळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. विंडोजवर 'मंगल' फॉन्टसह ती नीट बसली ती विंडोज २००० पासून.

एक्सपीवर तर आणखी मजा. देवनागरी जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये एक टिकमार्क करावा लागे आणि टिक केली की तो म्हणे, 'सीडी टाका.' ती सीडी कधीच घरात नसायची! असंख्य मराठी पीसींवर 'विद्यार्थी' हा शब्द पाय मोडून बसलेला असायचा तो एवढ्या एका सीडीपायी.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, सुरू झालं आणि एमएससीआयटीचं सर्टिफिकेट तालुक्या-तालुक्यात पोचलं. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला एक्सपी आला. महाराष्ट्रातल्या एका पिढीने माउस पहिल्यांदा धरला तो याच जोडगोळीच्या काळात. एक्सपीची किमान मागणी किती होती? ६४ एमबी रॅम. आज तेवढ्यात एक टॅबही धड उघडत नाही.

फास्ट राउंड! धरून बसा

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत खातं मिळायचं, पण फक्त अक्षरं. चित्र एकही नाही! ९.६ केबीपीएसच्या त्या लाइनवर आजचं २.६ एमबीचं पान उतरवायला ३६ मिनिटं लागली असती. तेवढ्यात पिठलं-भाकरी होऊन जेवणही उरकतं.

अक्षरांपुरता चालणारा 'लिंक्स' ब्राउझर १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात जन्मला आणि त्याची देखभाल आजही सुरू आहे. जिवंत ब्राउझर्समधला हा सर्वांत ज्येष्ठ. मराठी विकिपीडियाही दाखवतो!

मराठी विकिपीडियाचा वाढदिवस? १ मे २००३. महाराष्ट्र दिन, जालन्याचा वाढदिवस आणि विकीचा वाढदिवस, तिन्ही एकाच तारखेला.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक भन्नाट बग होता. पीसी सलग ४९.७ दिवस चालू राहिला की हँग! मिलिसेकंद मोजणारा आकडा ३२ बिट्समध्ये मावेनासा व्हायचा. हा बग १९९९ मध्ये सापडला. लोडशेडिंगच्या मराठवाड्यात तो कुणाला भेटण्याचा प्रश्नच नव्हता.

पोलंडच्या ग्दान्स्क शहरातलं एक गॅरेज गाड्यांचे शाफ्ट बॅलन्स करायला पाव शतकाहून जास्त काळ कमोडोर ६४ हा कॉम्प्युटर वापरत होतं. त्याची मेमरी ६४ केबी. २०१६ मध्ये ही बातमी जगभर गाजली.

अमेरिकेत ग्रँड रॅपिड्समधल्या १९ शाळांचं हीटिंग आणि कूलिंग १९८० च्या दशकातला एकच अमिगा कॉम्प्युटर सांभाळत होता. २०१५ मध्येही!

पॅरिसचं ऑर्ली विमानतळ नोव्हेंबर २०१५ मध्ये काही काळ ठप्प झालं. कारण? विंडोज ३.१ वर चालणारी हवामानाची यंत्रणा बंद पडली.

चालू स्थितीतल्या सर्वांत जुन्या मूळ डिजिटल कॉम्प्युटरचा गिनेस रेकॉर्ड इंग्लंडच्या 'विच'कडे आहे. जन्म १९५१, वजन अडीच टन. २०१२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

आणि सगळ्यांचा बाप: अवकाशात गेलेला नासाचा व्हॉयेजर १. सप्टेंबर १९७७ मध्ये उडाला, मेमरी ७० केबीच्याही आत. २०२३ च्या अखेरीस तो असंबद्ध बडबडू लागला. एक मेमरी चिप गेली होती. नासाच्या इंजिनिअर्सनी पृथ्वीवर बसून त्याचा कोड तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्या जागी हलवला. निरोप एका बाजूने पोचायलाच साडेबावीस तास! एप्रिल २०२४ मध्ये व्हॉयेजर पुन्हा शुद्धीवर आला. शेहेचाळीस वर्षांचं मशीन २,४०० कोटी किलोमीटरवर दुरुस्त होतं, तर टेबलावरचा पीसी का नाही?

चला, डबा उठवू या!

पहिला उपाय: एसएसडी. जुन्या पीसीत फिरणारी हार्डडिस्क असेल, तर ती काढून साधी साटा एसएसडी लावा. सुरू व्हायला लागणाऱ्या मिनिटांचे सेकंद होतात. रॅम वाढवण्याआधी हे करा. आमचं ठाम मत आहे, जुन्या मशीनवर यापेक्षा चांगला खर्च दुसरा नाही.

दुसरा उपाय: पेनड्राइव्हवरचं लिनक्स. 'पपी लिनक्स' हे नाव ऐकून हसू नका. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये ते आणलं. नावामागे त्यांचा छोटासा चिवावा कुत्रा, जो स्वतःच्या कैकपट मोठ्या कुत्र्यांवर धावून जायचा. पपीही तसंच. सगळी सिस्टिम रॅममध्ये उचलून घेतं आणि हार्डडिस्क नसली तरी पळतं. त्याहून चिमुकलं 'टायनी कोअर', पंचवीसेक एमबीत डेस्कटॉप! मराठीची सोय असलेलं देशी लिनक्स हवं असेल, तर सी-डॅकचं 'बॉस' आहे. त्याची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली.

आता एक बोलकी गोष्ट. 'डॅम स्मॉल लिनक्स'ची जुनी प्रतिज्ञा होती: काहीही झालं तरी ५० एमबीच्या आत. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर मावायचं. मधे बरीच वर्षं ते थांबलं आणि २०२४ मध्ये परत आलं, पण नवी मर्यादा ७०० एमबी! हलकेपणाची शपथ घेतलेल्यांनाही चौदापट जागा लागली. मोठं कारण काय, ओळखा? आजचे ब्राउझर!

तिसरा उपाय फुकट: फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन'. जाहिराती आणि पाठलाग करणाऱ्या स्क्रिप्ट दारातच अडवल्या की प्रोसेसर मोकळा श्वास घेतो. हे बनवणारे रेमंड हिल देणगीसुद्धा स्वीकारत नाहीत.

नेटच नाही? 'किविक्स' आहे ना! मराठी विकिपीडियाची फाइल एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घ्या आणि शाळेतल्या जुन्या पीसीवर ऑफलाइन वाचा.

फारच पुराणं मशीन असेल, तर 'फ्रॉगफाइंड' बघा. हे सर्च इंजिन जुन्या कॉम्प्युटरसाठीच बनवलंय. आजची पानं सोलून नुसता मजकूर हातात देतं.

आता अपेक्षाही ठरवून घ्या. १ जीबी रॅमवर टायपिंग, पीडीएफ, गाणी. २ जीबीवर एक-दोन टॅब. ४ जीबी आणि एसएसडी असेल तर रोजचं बहुतेक काम होतं. आणि एक्सपीवर बँकेचा व्यवहार कधीही नाही! त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्यावर चालणारा शेवटचा क्रोम १०९ नंबरचा.

पान हलकं झालं आणि आकडे उलटे पडले

यूट्यूबमध्ये २००९ च्या सुमारास ख्रिस झाकारियास या इंजिनिअरने चॅलेंज घेतलं: १.२ एमबीचं व्हिडिओ पान १०० केबीच्या आत आणायचं. आणलं, ९८ केबी! प्रकल्पाचं नाव 'फेदर', म्हणजे पीस. आकडे बघितले तर धक्काच. पान उघडायचा सरासरी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला!

कोडं सुटलं तेव्हा सगळे थक्क झाले. पान हलकं होताच आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि सैबेरिया इथल्या मंद नेटवरून लोकांची रीघ लागली होती. आधी त्यांना वीस मिनिटं लागायची, म्हणून ते येतच नव्हते. आता दोन मिनिटांत उघडत होतं. ज्यांच्यासाठी पान बंदच होतं, ते पहिल्यांदा आत आले. या लेखातल्या सगळ्या आकड्यांत आम्हाला हा, वीस मिनिटांचे दोन झाल्याचा, सर्वांत मोठा वाटतो.

फेसबुकने २०१५ मध्ये 'टूजी ट्यूसडे' सुरू केला. मंगळवारी कर्मचाऱ्यांनी तासभर टूजीच्या वेगाने फेसबुक वापरून बघायचं. भारतासारख्या देशांत लोक काय सोसतात ते कळावं म्हणून! २०१७ मध्ये इर्मा वादळाच्या वेळी सीएनएनने नुसत्या मजकुराची हलकी आवृत्ती दिली, ती आजही आहे. बार्सिलोनाचं 'लो-टेक मॅगझिन' तर २०१८ पासून सोलर पॅनलवर साइट चालवतं. ढगाळ हवा लांबली की साइट बंद पडू शकते! मराठवाड्याच्या उन्हात अशी साइट मेमध्ये नुसती धावेल.

आणि आपलं वारणानगर? १९९८ मध्ये तिथल्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून ऊस शेतकऱ्यांसाठी पीसी आले. पुढे ते सांभाळणं जड जाऊ लागलं. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी काही गावांत पीसीऐवजी साध्या मोबाइलचा एसएमएस वापरून तीच माहिती देऊन दाखवली. शेतकऱ्याला हवा होता उसाचा आकडा आणि खताचा हिशेब. तो १६० अक्षरांत मावला!

म्हणून सरकारी साइट्स, बँका, विद्यापीठं आणि मराठी वृत्तपत्रं चालवणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. प्रत्येक साइटला एक हलकी आवृत्ती ठेवा. आपोआप फिरणारे फोटो काढा. फॉर्मच्या पानावर फॉर्मच ठेवा. शेवटच्या तारखेला रात्री तालुक्याच्या गावात बसलेल्या मुलीचा प्रवेश तुमच्या स्लायडरमुळे हुकता कामा नये.

भंगारवाला येण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्येच अंदाज केला होता की यामुळे जगातले सुमारे २४ कोटी पीसी अडगळीत जाऊ शकतात. त्यातले कितीतरी धडधाकट!

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांचं रीतसर रिसायकलिंग झाल्याची नोंद आहे. जालना स्टीलचं गाव, भंगार वितळवून सळया करण्यात पटाईत. पण कॅबिनेटचा पत्रा वितळला तरी मदरबोर्डवरचं शिसं आणि इतर विषारी पदार्थ भट्टीत टाकायचे नसतात.

३२ बिटवाल्यांनो, एक तारीख लिहून ठेवा: १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, भारतीय वेळ. त्यानंतरच्या सेकंदाला जुन्या पद्धतीने वेळ मोजणाऱ्या ३२ बिट सिस्टिम्सचं घड्याळ थेट १९०१ सालात उडी मारेल. दुरुस्तीचं काम सुरू आहे, पण तुमचा जुना डबा तोपर्यंत टिकवलात तर तमाशा लाइव्ह बघायला मिळेल!

तर मंडळी, माळ्यावरचा पीसी या रविवारी खाली काढा. धूळ झटका, सेल बदला, पपीचा पेनड्राइव्ह लावून बघा. चालला तर शेजारच्या दहावीतल्या मुलाला द्या. नाहीच चालला तर अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवा. आणि देण्याआधी हार्डडिस्क पूर्ण पुसा किंवा काढून ठेवा, कारण डिलीट मारल्याने फाइल जात नाही, फक्त तिचं नाव यादीतून जातं.